कमावलेली बदनामी

उदगीरच्या एसटी स्टँडवर उतरून कुणालाही विचारलं असतं की ह्या गावात सगळ्यांत वाईट नाव कुणाचं, तर त्यानं डोकं न खाजवता मास्टरसाबांकडे बोट दाखवलं असतं. मला तर न विचारताच दाखवलं. दुष्काळाच्या त्या साली मी रेणापूरहून पत्र्याची ट्रंक घेऊन विज्ञानाचा शिक्षक म्हणून हजर व्हायला आलो होतो. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. मालक अप्पा आमच्यातलेच, लिंगायत. कपाळावरच्या भस्मावरून आम्ही एकमेकांना ओळखलं. त्यांनी शाळेचा रस्ता सांगितला आणि वर फुकटचा सल्ला दिला, "समद्यासंगं बोला सर, पर त्या फारशीच्या मास्तरच्या नादी लागू नका. लई बदनाम मानूस हाय."

महिन्याभरात मला भाड्यानं खोली मिळाली ती नेमकी त्या फारशीच्या मास्तरांच्या भिंतीला भिंत लावून. मग नादी लागण्यावाचून गत्यंतरच नव्हतं.

मास्टरसाब निजामाच्या अमदानीत फारशीचे शिक्षक म्हणून लागले होते. राज्य गेलं, फारशी गेली, मास्टरसाब राहिले. आता त्यांना काय शिकवायला द्यायचं हे कुणालाच कळेना, म्हणून त्यांच्या गळ्यात बागकामाचा तास घातला. ज्या साली प्यायला पाण्याचा टँकर येत होता त्या साली हा गृहस्थ पोरांना बागकाम शिकवत होता. रोपं नाहीत, पाणी नाही. पोरं नुसती आळी खणायची. गोल, सुंदर, रिकामी आळी. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हसा सर. पर पानी आल्यावर खनायला घेतलं तर उशीर हुईल का न्हाई?"

उंच, जरासे वाकलेले, कॉलर विरलेली शेरवानी. तिच्या उजव्या खिशातून बाटलीचं तोंड कायम बाहेर डोकावायचं. शिंदीच्या दुकानातली बाटली होती ती, गावात कुणालाही ओळखू येईल अशी. बाजारात, शाळेच्या फाटकाशी, मशिदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते ती काढायचे, घोटभर घ्यायचे, मिशा पुसायचे. बघणारा बघायचा आणि मान फिरवायचा. त्यांच्या घरात दोनच माणसं, ते आणि त्यांची लहानगी लेक नसीम. आई नव्हती. माझ्या बायकोनंच एक दिवस मला सांगितलं की रोज सकाळी ती पोर बाटली घासते आणि माठातल्या पाण्यानं भरून बापाच्या खिशात ठेवते.

मला वाटलं, बायकोच्या बघण्यात काहीतरी चूक झाली असेल.

मग रमजान आला. भर दुपारी मास्टरसाब अप्पांच्या हॉटेलात रस्त्याकडेच्या टेबलावर बसले होते. समोर वाफाळता चहा. नमाजाला निघालेली माणसं त्यांच्याकडे बघून तोंडातल्या तोंडात पुटपुटत पुढे जात होती. मी जाऊन समोर बसलो. ते बशीत चहा ओतायचे, फुंकर मारायचे, बशी तोंडापाशी न्यायचे, खाली ठेवायचे, माझ्याशी पावसाचं काहीबाही बोलायचे. विज्ञानाच्या माणसाला एक वाईट खोड असते, तो भांड्यातली पातळी बघतो. चहा होता तितकाच होता. थोड्या वेळानं त्यांनी तो गुपचूप टेबलाखालच्या राखेच्या डब्यात ओतला, तोंड पुसलं आणि मोठ्यांदा म्हणाले, "वा अप्पा, क्या चाय है!"

माणसाचा रोजा होता. आणि तो नाही असं गावाला दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप चालला होता.

रस्त्यात त्यांनी माझा हात धरला. "तुम्ही बघितलं."

"बघितलं."

"कुनाला बोलू नका सर. लई वर्साची कमाई हाय."

मग घरी नेऊन त्यांनी मला सगळं सांगितलं. ते तरुण होते तेव्हा त्यांचा गळा गोड होता. उरुसात ते नात, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतीचं गाणं, गायला बसले की लोकांच्या डोळ्यांना पाणी यायचं. देगलूरच्या रस्त्याला एक म्हातारे पीरसाहेब एका झोपडीत राहायचे. मास्टरसाब त्यांचे मुरीद झाले होते, म्हणजे त्यांच्या हातात हात देऊन त्यांना गुरू केलं होतं. एक दिवस पीरसाहेबांनी विचारलं, गाताना तुझं ध्यान कुठं असतं? मास्टरसाब खोटं बोलले नाहीत. म्हणाले, कोण रडतंय आणि कोण नाही, तिकडे असतं. पीरसाहेब म्हणाले, तुझी बंदगी, तुझी भक्ती, लोकं खाऊन राहिले. झाकून ठेव. लोकांनी वाईट म्हटलं तर म्हणू दे.

"त्या दिवसापासून झाकून राहिलो," मास्टरसाब म्हणाले. "भली गोष्ट आत, बुरी गोष्ट भायेर. लोकं मलामत करतात, म्हंजे दोष देतात. जितका दोष येतो तितकं हलकं वाटतं. मंग मी आन् वो उपरवाला, दोघंच. तिसरा कोन न्हाई."

सूफी लोकांत अशी एक जुनी वाट आहे, हे मी पुढे वाचलं. त्या वाटेनं गेलेल्यांचा पत्ता लागत नाही, कारण पत्ता लागला तर वाट चुकली. त्या दिवशी मात्र मला हा शुद्ध खुळेपणा वाटला आणि मी तसं तोंडावर म्हटलं. मास्टरसाबांचा चेहरा एकदम खुलला. "आता बरं वाटलं! मला वाटलं, तुम्ही तारीफ करता का काय." तारिफेचं त्यांना इतकं वावडं होतं की हेडमास्तर एकदा "छान काम केलंत" म्हणाले तर हे हात जोडून म्हणाले, "साहेब, का मारून राहिले?"

शाळेत पोरांना सुकडी, म्हणजे दुष्काळात सरकारकडून येणारा कोरडा खाऊ, वाटायचं काम त्याच साली त्यांच्याकडे आलं. संध्याकाळी ते खांद्यावर पिशवी टाकून शाळेतून निघायचे आणि किल्ल्याच्या खंदकाशी एका म्हातारीच्या घरात शिरायचे. ती कधीकाळी बैठकीत गाणारी बाई. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली तरी बायका तिच्याशेजारी बसत नसत, म्हणून तिचं काम सुटलं होतं. गावानं हिशेब जुळवला. मास्तर सुकडी चोरतो आणि बाईला नेऊन देतो. एक दिवस त्यांच्या पायात काटा मोडला होता म्हणून पिशवी मी घेतली. आत ज्वारी होती, त्यांच्या स्वतःच्या घरातली. मी म्हटलं, मागच्या गल्लीनं जाऊ, जवळ पडतं.

"नको, नको," ते घाबरून म्हणाले. "तिथं कोन बघनार?"

आणि लंगडत लंगडत बाजाराच्या भर रस्त्यानं मला घेऊन गेले. मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. लोक आता माझ्याकडेही तसंच बघत होते.

खरं सांगायचं तर पुढची काही वर्षं मला ह्या सगळ्याची गंमतच वाटत आली. आपल्या शेजारी एक साधुपुरुष राहतो आणि ते फक्त आपल्याला ठाऊक आहे, ह्यात एक सुख असतं. नसीम माझ्या वर्गात होती. हुशार, हळू बोलणारी, मान वर करून बघणारी. पोरं तिला "बाटली" म्हणून चिडवायची. ती मला कधी सांगायची नाही, माझ्या बायकोला सांगायची. मी एकदा मास्टरसाबांकडे विषय काढला तर म्हणाले, "पोरं हाय, ईसरून जातील." ते पोरांचं विसरणं धरून बसले होते, लेकीचं लक्षात ठेवणं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

लातूर जिल्हा झाला तेव्हा नसीम लग्नाची झाली होती. शाळेच्या कागदांवरचं उस्मानाबाद खोडून त्यावर लातूर लिहायचं काम आम्ही मास्तरलोक करत होतो. सगळं गाव खुशीत होतं, कचेऱ्या जवळ आल्या, नोकऱ्या येतील, असं बोलत होतं. त्या दिवसांतच बिलोलीचं स्थळ आलं. मुलगा तिथल्या शाळेत शिक्षक. वडील हाजीसाहेब, भला माणूस, परिसरात शब्दाला मान. देगलूरच्या एका लग्नात मुलानं नसीमला बघितलं होतं आणि तिनं त्याला. नसीम आमच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता माझ्या बायकोला म्हणाली, "काकू, तो बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेतो." एवढंच म्हणाली, पण ज्या पोरीनं कधी काही मागितलं नव्हतं तिच्याकडून हे फार होतं.

मुलीच्या घराची चौकशी केल्याशिवाय सोयरीक होत नाही. बिलोलीची दोन वडीलधारी माणसं एसटीनं आली, स्टँडसमोर अप्पांच्या हॉटेलात चहाला बसली आणि तिथंच त्यांनी विचारलं, मास्टरसाब कसे आहेत? त्यांना आमच्या गल्लीपर्यंत यावंच लागलं नाही. आल्या गाडीनं ती परत गेली.

निरोप आल्यावर मास्टरसाब माझ्याकडे आले. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. शेरवानीचा खिसा रिकामा होता.

"सर, तुम्हाला समदं ठावं हाय. तुमच्याजवळून मी शब्द घेतला होता. तो आता परत घ्या. बिलोलीला चला आन् हाजीसाबांला खरं सांगा."

आम्ही निघालो. त्यांनी दाढी नीट विंचरली होती, अत्तर लावलं होतं. देगलूरपर्यंत ते ओठ हलवत होते. मला वाटलं दुआ मागतायत. मग म्हणाले, "सर, चांगला मानूस स्वतःबद्दल काय बोलतो? मला एक वाक्य बोलता येईना. मैं शरीफ आदमी हूँ, असं बोललं की जीभ अडकते." मी म्हटलं, तुम्ही काही बोलू नका, मी बोलतो. मला खात्री होती. खरं सांगायचं तर सांगायचं, त्यात काय अवघड आहे!

हाजीसाहेबांनी आम्हाला मानानं बसवलं, सरबत दिलं. मी सगळं सांगितलं. चहा, बाटली, ज्वारी, खंदकाजवळची म्हातारी, पीरसाहेबांचा शब्द. मी एरवी बरा शिकवतो, पण त्या दिवशी जीव ओतून बोललो. हाजीसाहेब मध्ये एकदाही बोलले नाहीत. मुलगाही दाराशी उभा राहून ऐकत होता. नसीम म्हणाली होती तसाच, पूर्ण ऐकून घेणारा.

"सर, तुमच्या बोलन्यावर माझा पुरा भरोसा हाय," हाजीसाहेब म्हणाले. मास्टरसाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, जिंकलं.

"मास्टरसाब, तुम्ही आमच्यापेक्षा अल्लाच्या जवळचे असाल. मी कोन बोलनार? पर एक इचारतो. शिंदी पिनाऱ्याला शुद्ध नसती. त्याच्या घरची बदनामी नशेत हुती. तुम्ही तर शुद्धीत केली. रोज, सोचून समजून. घरात बिनमायची लेक हाय हे ठावं असून केली. तुम्ही पिनारे असते तर मी पोराकडं बघून एक बार हौ बोललो असतो. पर ज्याला लेकीच्या नावाची फिकीर न्हाई, त्याच्या घरी मी सोयरीक कशी करू?"

मास्टरसाब उठले, त्यांनी हाजीसाहेबांचा हात दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि बाहेर पडले. मुलगा आमच्यामागून स्टँडपर्यंत आला. काहीतरी बोलेल असं वाटलं. त्यानं आमची तिकिटं काढून दिली आणि गाडी हलेपर्यंत उभा राहिला.

देगलूरला गाडी बराच वेळ थांबली. तिथे मास्टरसाब बोलले. "सर, लोकांनी तारीफ केली तर नफ्स फुगतो, मानसातला मीपना फुगतो, म्हनून मी त्याला बदनामी चारली. तो बदनामी खाऊनबी फुगला. मला वाईट दिसायचा शौक लागला हुता सर. शिंदीवाल्यापेक्षा वाईट. आन् त्या शौकाची किंमत पोरीनं भरली." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पीरसाहेबांला लेक नव्हती."

त्यांनी नसीमला सगळं सांगितलं, हाजीसाहेबांचा शब्द न् शब्द. लपवलं काहीच नाही. पायाशी बसून माफी मागितली. तिनं त्यांना उठवलं, हात धुवायला पाणी दिलं आणि ताट वाढलं. माफ केलं असंही म्हणाली नाही, नाही केलं असंही म्हणाली नाही. पुढे एवढी वर्षं ती ह्यावर बोलली नाही, आणि मास्टरसाब रोज ते ऐकण्याची वाट बघत जगले. ती उर्दू शाळेत शिक्षिका झाली. बिलोलीच्या मुलाचं पुढे कुठेतरी लग्न झालं. नसीमला दुसरी स्थळं आली नाहीत असं नाही, पण सगळी स्टँडसमोर चहा पिऊन आली.

मास्टरसाबांनी त्यानंतर चांगलं दिसायचा प्रयत्न करून बघितला. बाटली टाकली. मशिदीत पहिल्या रांगेत जायला लागले. लोक म्हणाले, म्हातारपणी ढोंग सुचलंय, पोरीला खपवायची आहे ना! मला इतका संताप यायचा की मी भांडायला उठायचो. ते मला खाली बसवायचे. "बरोबरच बोलून राहिले सर. मलाबी ते ढोंगच वाटतं." काही दिवसांनी ते शेवटच्या रांगेत जाऊन बसायला लागले. रिटायर झाल्यावर तर घराबाहेर फारसे निघेनासे झाले. आयुष्यात त्यांनी एकच कला साधली होती, आणि ती आता ना करता येत होती ना मोडता. शेजारच्या भिंतीपलीकडून त्यांचं खोकणं ऐकू यायचं तेव्हा मला वाटायचं, ह्या माणसाला तरुणपणी कुणी नुसतं गाऊ दिलं असतं तर किती बरं झालं असतं. लोक रडले असते, हे थोडे फुगले असते. काय बिघडलं असतं?

ते गेले तेव्हा मीही रिटायर झालो होतो. तिसऱ्या दिवशी जियारतीला, म्हणजे गेलेल्यासाठी दुआ मागायला, अंगणात माणसं मावेनात. मला आधी कळेचना की ही एवढी गर्दी कशाची. मग कानावर पडायला लागलं. कुणी सांगत होता, दुष्काळात आमच्या घरी ज्वारी येऊन पडायची, कोण टाकतं ते कळायचं नाही. ती मास्टरसाबांच्या घरची होती, असं खंदकाजवळच्या म्हातारीनं मरताना शेजाऱ्यांना सांगितलं होतं म्हणे. एकाला तर मास्टरसाबांच्या कबरीपाशी अत्तराचा वास आला होता. आणि अप्पा, ज्यांचे हात आता थरथरत होते, सगळ्यांच्या मधोमध बसून सांगत होते, "रमजानात ते च्या पीत नव्हते. माझ्या टेबलाखाली राखंचा डबा रोज भिजलेला असायचा. मला तवाच ठावं होतं, ह्यो मानूस साधा न्हाई."

मी म्हटलं, "अप्पा, मग बिलोलीची माणसं विचारायला आली तेव्हा हे का नाही सांगितलं?"

"मी काय खोटं बोललो का? गाव जे बोलायचं ते सांगितलं," अप्पा म्हणाले. त्यांना तेव्हा खरंच ठाऊक होतं, की आत्ता ठाऊक झालं होतं, कोण जाणे. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं तेही मला ठरवता येत नाही.

एवढ्यात चार माणसं हिरवी चादर घेऊन आली, जरीकाठाची, भारी. कबरीवर चढवायची, वर पत्र्याची शेड करायची, दरसाल संदलाची मिरवणूक काढायची असं ठरवूनच आली होती. हिंदू, मुसलमान दोन्हींकडचे लोक होते. फक्त घरच्यांची परवानगी पाहिजे होती.

नसीम दारात आली. केस पिकले होते, मान अजून तशीच वर होती.

"तुम्ही चुकीचं ऐकलं," ती म्हणाली. "अब्बा प्यायचे. सुकडी तेच न्यायचे. तुम्ही इतकी वर्षं जे बोलत होता तेच खरं हाय. चादर परत घेऊन जावा."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगू शकलो असतो. पण नसीमही माझ्याकडे बघत होती, आणि मी खाली मान घातली. माणसं एकेक करून निघाली. बाहेर पडल्यावर पुन्हा कुजबुज सुरू झाली, आणि ती जुनीच होती.

गर्दी पांगल्यावर मी तिला विचारलं, "पोरी, हे काय केलंस? निदान आता तरी त्यांचं नाव चांगलं झालं असतं. तुझंही."

ती अंगणातल्या सतरंज्या गोळा करत होती. हातातली सतरंजी तशीच धरून उभी राहिली.

"काका, अब्बांनी जन्मभर एकच गोष्ट कमावली. तिच्यापायी माझं लग्न गेलं. ती मी ह्या लोकांना एका चादरीच्या बदल्यात देऊन टाकू?"